'फुल-लेझिनेस' : एका फ्लॅगची कुळकथा

हॅस्केलचा प्रोग्राम जीएचसी कंपायलरकडे सोपवताना बहुतेक जण वेगवान कोड मागणारं '-ओ' एवढंच लिहून मोकळे होतात. बेल लॅब्जच्या युनिक्समध्ये सी कंपायलरला हे अक्षर १९७० च्या दशकातच होतं. जीएचसीच्या '-ओ'च्या पोटात मात्र अनेक फ्लॅग आहेत, आणि त्यांतल्या '-एफफुल-लेझिनेस'चं कूळ मला सगळ्यांत देखणं वाटतं. ते जीएचसीच्याही आधीचं आहे.

१९७१ मध्ये ऑक्सफर्डला ख्रिस्तोफर वॉड्सवर्थ यांनी प्रबंधात दाखवलं, की लॅम्डा कॅल्क्युलसची राशी ग्राफ म्हणून मांडली तर तिचा सामाईक भाग एकदाच सोडवावा लागतो. १९८२ मध्ये जॉन ह्यूज यांनी सुपरकॉम्बिनेटरच्या, म्हणजे बाहेरच्या चलांवर अवलंबून नसलेल्या फंक्शनांच्या, रूपाने ही कल्पना कंपायलरच्या कामी आणली. १९८९ मध्ये ग्लासगो विद्यापीठात जीएचसीचं काम सुरू झालं. पुढे सायमन पेटन जोन्स, विल पार्टेन आणि आंद्रे सांतोस यांनी १९९६ च्या निबंधात या युक्तीचा फायदा मोजून दाखवला.

युक्ती अशी. एखादं फंक्शन 'न' घेतं आणि आत १ ते १ कोटी आकड्यांची यादी बनवतं. यादीचा 'न'शी संबंध नाही, म्हणून कंपायलर ती फंक्शनबाहेर काढतो. आता फंक्शन कितीही वेळा बोलावलं तरी यादी एकदाच बनते. वेळ वाचतो, पण मेमरीचं काय? आधी आकडा वापरला की त्याची जागा मोकळी होत असे. आता यादीला बाहेरून धरून ठेवलेलं असल्यामुळे ती सुटत नाही. ६४-बिट यंत्रावर एका आकड्याला ४० बाइट, म्हणजे सगळी मिळून ४० कोटी बाइट अडकून पडू शकतात. प्रोग्रामरने तर एक अक्षरही चुकीचं लिहिलेलं नसतं!

अशा वेळी '-एफनो-फुल-लेझिनेस' हा उलटा, म्हणजे युक्ती बंद करणारा, फ्लॅग कामी येतो. जीएचसीच्या मार्गदर्शिकेत आज फ्लॅगच्या नोंदीत थोडक्यात वर्णन, प्रकार आणि उलटा फ्लॅग यांच्यासाठी ठरलेल्या जागा आहेत. ही शिस्त मला मोलाची वाटते, पण ती पुरेशी नाही. उलट्या फ्लॅगचं नाव कळलं, तरी तो कधी लावायचा हे त्यातून कळत नाही. नोंद लिहिणाऱ्यांनी प्रत्येक फ्लॅगपुढे तो महागात पडणारं एखादं छोटं उदाहरणही द्यावं.