डॉक्टर अहमद अल कबीर

बर्नार्ड शॉच्या ‘द मिलियनेअरेस’ या १९३६ सालच्या नाटकातला डॉक्टर इजिप्तचा मुसलमान आहे. १९६० साली अँथनी अॅस्क्विथने त्यावर विनोदी चित्रपट काढला तेव्हा तो हिंदुस्थानी झाला. नाव डॉ. अहमद अल कबीर. लंडनच्या गरीब वस्तीत रोग्यांची सेवा करणारा, सोफिया लॉरेनने रंगवलेल्या नायिकेच्या दौलतीला न भुलणारा. विनोदी चित्रपटातला मुसलमान म्हणजे शेख, जनानखाना नि उंट, असा रिवाज होता. हॉलिवूडच्या ‘रोड टू मोरोक्को’त (१९४२) तर उंटही बोलतात! त्या गर्दीत हा सज्जन डॉक्टर पाहून आम्हांला बरे वाटते. पण तो डॉक्टर म्हणजे पीटर सेलर्स. इंग्रज नटाने चेहऱ्याला सावळा रंग फासला, हेल काढले, आणि विनोदाचा बराचसा भार त्या उच्चारांवरच टाकला. माणूस आमचा, तोंड दुसऱ्याचे.

चित्रपटाच्या जाहिरातीसाठी दोघांनी ‘गुडनेस ग्रेशस मी’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. ते चित्रपटात नाही, पण ब्रिटनमध्ये गाजले. १९६८ च्या ‘द पार्टी’त सेलर्सने पुन्हा तसाच रंग फासला.

पुढे १९९६ साली बीबीसी रेडिओवर आणि १९९८ पासून दूरचित्रवाणीवर संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर, नीना वाडिया या ब्रिटिश आशियाई मंडळींनी स्वतःचा विनोदी कार्यक्रम आणला. नाव मुद्दाम तेच ठेवले: ‘गुडनेस ग्रेशस मी’. त्यातल्या एका प्रवेशात मुंबईची झिंगलेली टोळी ‘इंग्लिश’ जेवायला जाते, सगळ्यांत बेचव पदार्थ मागवते आणि गोऱ्या वेटरच्या नावाची पार वाट लावते.