दिवस-रात्र चक्र, भूमिकाधारी व्हिडिओ गेममधील

भूमिकाधारी व्हिडिओ गेम म्हणजे ज्यात खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेऊन त्याचे सामर्थ्य टप्प्याटप्प्याने वाढवत कथानकात पुढे जातो, असा खेळ. अशा खेळातील काल्पनिक जगात दिवस व रात्र आलटून पालटून येणे आणि त्यानुसार तेथील माणसे, प्राणी व नियम बदलणे, याला दिवस-रात्र चक्र म्हणतात. आकाशाचा रंग पालटणे हा त्याचा केवळ दर्शनी भाग होय. खेळाडूचा निर्णय ज्या रात्रीमुळे बदलत नाही, ती रात्र रचनेच्या दृष्टीने निरर्थक ठरते.

या तंत्राच्या इतिहासात 1988 हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या ‘अल्टिमा 5’ या अमेरिकन खेळात गावकऱ्यांना स्वतःचा दिनक्रम देण्यात आला. ते ठरल्या वेळी कामावर जात, जेवत व झोपत, त्यामुळे कोणता माणूस कोणत्या प्रहरी कोठे भेटेल हे ध्यानात ठेवणे खेळाडूला भाग पडले. त्याच वर्षी जपानमध्ये प्रकाशित झालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट 3’ मध्ये खेळाडू जगाच्या नकाशावर पावले टाकील तेवढाच काळ पुढे सरके, मात्र गावात शिरताच तो थांबे, म्हणून संवाद सावकाश वाचणाऱ्याचे काहीच नुकसान होत नसे. याच खेळातील टेडॉन हे गाव रात्री माणसांनी गजबजलेले दिसते, पण दिवसा तेथे उद्ध्वस्त घरे व सांगाडे आढळतात आणि रात्री भेटलेली माणसे मृतात्मे होती, हे खेळाडूला कोणी न सांगता उमगते. कथा सांगण्याचे काम प्रत्यक्ष काळावरच सोपवणारी इतकी प्रभावी योजना पुढील काळातही क्वचितच आढळते.

काळ मोजण्याच्या अन्य दोन पद्धतींपैकी पहिलीत खेळ खऱ्या घड्याळाशी जोडलेला असतो. ‘पोकेमॉन गोल्ड’ व ‘पोकेमॉन सिल्व्हर’ (1999) या खेळांच्या कार्ट्रिजमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ असल्याने काही प्राणी फक्त रात्री सापडत आणि ईव्ही या प्राण्याचे रूपांतर कशात होईल, हेही वेळेवर अवलंबून असे. यातून खेळाचे जग खेळाडूच्या दैनंदिन जीवनाशी जोडले जाते, परंतु ज्याला केवळ रात्रीच सवड मिळते त्याला त्या जगाची सकाळ सहसा दिसत नाही. दुसऱ्या पद्धतीत काळ ठरावीक पटीने वेगवान केलेला असतो. ‘स्कायरिम’ (2011) मध्ये ही पट मुळात 20 आहे, म्हणजे खेळातील 24 तास प्रत्यक्षातील 72 मिनिटांत पूर्ण होतात. ही पट फार वाढवली तर पात्रे दिनक्रम उरकण्यासाठी धावपळ करताना दिसतात आणि फार कमी ठेवली तर उजाडण्याची वाट पाहणे कंटाळवाणे होते.

रात्री दुकाने बंद ठेवण्याने जग खरे वाटते, पण खेळाडू खोळंबतो. त्यामुळे सराईत झोपून किंवा ‘प्रतीक्षा’ हा पर्याय निवडून वेळ पुढे ढकलण्याची सोय बहुतेक खेळांत असते. ती फुकट व अमर्याद असेल, तर मात्र रात्रीचा धाक उरत नाही. ‘एल्डन रिंग’ (2022) ने यावर चांगला तोडगा काढला आहे : तेथे विश्रांतिस्थळी वेळ बदलता येते, परंतु काही बलाढ्य शत्रू केवळ रात्रीच प्रकट होतात, त्यामुळे रात्र टाळण्याऐवजी खेळाडू ती मुद्दाम निवडतो.