ओसरीवरचे पुस्तकांचे दुकान

अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी १९७० साली काही स्त्रियांनी आपल्या सामायिक बिऱ्हाडाच्या ओसरीवर पुस्तके मांडली. ग्रीक पुराणांतील रणकुशल स्त्रियांचे ‘अ‍ॅमेझॉन’ हे नाव त्यांनी दुकानास दिले. ओसरी धड घरातही नसते नि धड रस्त्यावरही नसते. त्या दुकानाचे मर्म हेच होते. इतरत्र क्वचितच दिसणारी, स्त्रियांनी स्त्रियांविषयी लिहिलेली पुस्तके तेथे मिळत; आणि आपल्यासारखे आणखी कोणी आहे, हा दिलासाही मिळे. पुढे दुकान मोठ्या जागेत गेले, कामकरी स्त्रियांच्या सहकारी मालकीचे झाले.

१९९५ साली त्याच नावाची संगणकजालावरील पेढी पुस्तके विकू लागली. नावाचा घोळ वाढला, तेव्हा १९९९ साली दुकानाने दावा लावला. तो तडजोडीने मिटला व दुकानास आपले नाव वापरता आले. परंतु ग्राहक राखणे नाव राखण्याहून कठीण! २००८ साली दुकान विकले गेले, नाव बदलले. २०१२ साली ते बंद पडले.

पुस्तक आज घरबसल्या येते. ओसरी मात्र टपालाने येत नाही. ती कोणीतरी राखावीच लागते.