कवडी

मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातील सायप्रीइडी कुलातील लहान सागरी गोगलगाय व तिचा शिंपला. पैसा म्हणून चाललेल्या जातीचे शास्त्रीय नाव मोनेटेरिया मोनेटा. हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या उथळ, प्रवाळयुक्त पाण्यात ती दगडांखाली राहते व शैवाल खाते. शिंपला साधारण 2 ते 3 सेंमी. लांब, पिवळसर, कडेला गाठाळ असतो. कोवळेपणी तो पातळ व पीळदार असतो. पुढे ओठ आत वळून दोन्ही कडांवर दात असलेली अरुंद फट उरते. जिवंतपणी प्रावार नावाची मऊ त्वचा शिंपल्यावर पसरून नवे थर चढवते. कवडीची मोहक झिलई ही या त्वचेचीच देणगी.

ही कवडी प्रवाळात राहते, पण तमिळनाडूतील तंजावूरच्या किनाऱ्यालगत कावेरीचा गाळ व वाळू आहे. प्रवाळाची जागा म्हणजे दक्षिणेकडील मन्नारचे आखात. चलनी कवड्यांचा मोठा पुरवठा मात्र मालदीवचा. टिकाऊ, सारख्या आकाराची आणि नक्कल करण्यास अवघड म्हणून कवडी व्यवहारात रुळली. ‘लीलावती’ या गणितग्रंथात 20 कवड्यांची काकिणी व 4 काकिणींचा पण हे कोष्टक आहे.

चलनाखेरीज कवडी देवीच्या उपासनेतही आहे. तंजावूरच्या गादीवर 1855 पर्यंत असलेल्या भोसले घराण्याची कुलदेवता तुळजाभवानी. तिच्या आराधी व गोंधळ्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. तमिळ घरांत कवडीला ‘सोळी’ म्हणतात. दायम हा पटावरचा खेळ खेळताना कवड्या फेकून उताण्या किती पडल्या त्यावरून दान मोजतात, सारीपाटाप्रमाणेच.