नवस, गोळी आणि टाका : गर्भ टिकवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास

१/
धुळे शहरात पांझरा नदीच्या पलीकडे देवपूर वसले आहे. तेथे नदीकाठी एकवीरा देवीचे मंदिर आहे. खानदेशातील कित्येक घरांची ही कुलस्वामिनी. चैत्रातल्या यात्रेत येथे लेकरांची जावळे काढली जातात, बोललेले नवस फेडले जातात. एकदा गर्भ पडलेल्या लेकीसुनांना पुन्हा दिवस गेल्यावर या पायरीवर किती नवस बोलले गेले असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

२/
आज त्याच देवपुरात दवाखाने आहेत, औषधांची दुकाने आहेत. पूर्वी गर्भपात झालेली स्त्री पाळी चुकताच डॉक्टरांकडे जाते आणि पुष्कळदा तिच्या चिठ्ठीवर एक नाव असते : प्रोजेस्टेरॉन. हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, गर्भ धरून ठेवते असे तिला सांगितले जाते. हे कितपत खरे आहे, ते ठरवायला वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे लागली. वाटेत एक मोठी चूक झाली आणि तिची किंमत त्या वेळी जन्मालाही न आलेल्या मुलींनी मोजली.

३/
हे दुःख जुने आहे. आयुर्वेदाने त्याला दोन वेगळी नावे दिली होती : साधारण चौथ्या महिन्यापर्यंत होतो तो ‘गर्भस्राव’ आणि त्यानंतर पाचव्या-सहाव्या महिन्यात होतो तो ‘गर्भपात’. लवकर पडणारा आणि उशिरा पडणारा गर्भ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या वैद्यांनी हेरले होते. हा भेद लक्षात ठेवावा. विसाव्या शतकात मुंबईच्या एका डॉक्टरांच्या हाती तो पुन्हा महत्त्वाचा ठरणार आहे.

४/
महाराष्ट्रातील घरांनी स्वतःचा उपायही शोधला होता. आधीची मुले हाती न लागलेल्या घरात पुढे मूल जन्मले की त्याचे नाव मुद्दाम दगडू, धोंडू, भिकू, केरू असे ठेवत. टाकाऊ नावाच्या मुलाकडे मृत्यूची नजर जाणार नाही, ही त्यामागची आशा. मूल जगले की नावाचा गुण आला असे सर्वांना वाटे. पण त्याचे नाव राजाराम ठेवले असते तर ते जगले नसते का? हे पडताळण्याची सोय कोणापाशीच नव्हती. एकच मूल दोन नावांनी दोनदा वाढवून पाहता येत नाही.

५/
पुढचा सारा इतिहास या एकाच प्रश्नाभोवती फिरतो : उपाय केला नसता तर काय झाले असते?

६/
आता जर्मन साम्राज्यातील ब्रेस्लाऊ शहरात जाऊ. आज ते पोलंडमध्ये आहे. बीज बाहेर पडल्यावर अंडाशयात एक पिवळसर गाठ तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. शास्त्रज्ञांना ती सतराव्या शतकापासून ठाऊक होती, पण तिचे काम ठाऊक नव्हते. गुस्टाव्ह बॉर्न या गर्भविज्ञानाच्या अभ्यासकाला वाटत होते की हा पिंड काहीतरी स्रवतो आणि त्यावर गर्भ रुजतो. प्रयोग करण्याआधीच, १९०० मध्ये, त्याचा मृत्यू झाला. ते काम त्याने लुडविग फ्रेंकेल या तरुण स्त्रीरोगतज्ज्ञाकडे सोपवले होते.

७/
फ्रेंकेलने गाभण सशांचे पीतपिंड नष्ट केले. गर्भ टिकले नाहीत. १९२९ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी याची दुसरी बाजू सिद्ध केली. त्यांनी गाभण सशांची अंडाशये काढून टाकली आणि पीतपिंडाचा अर्क टोचला. गर्भ टिकले. गर्भ धरून ठेवणारा पदार्थ खरोखरच अस्तित्वात होता.

८/
१९३४ मध्ये तो शुद्ध रूपात वेगळा झाला. चार निरनिराळ्या गट जवळजवळ एकाच वेळी तेथे पोहोचले. त्यांपैकी ॲडॉल्फ बुटेनांट या जर्मन रसायनतज्ज्ञाला सुमारे ५० हजार डुकरिणींच्या अंडाशयांतून जेमतेम २० मिलिग्रॅम पदार्थ मिळाला. पुढच्या वर्षी त्याचे नाव ठरले, प्रोजेस्टेरॉन. असे दुर्मीळ औषध गर्भवतींना देणार तरी किती? मार्ग मेक्सिकोतील रानकंदातून निघाला. रसेल मार्कर या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने त्या कंदातील द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन बनवले आणि १९४४ मध्ये मेक्सिकोत सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली.

९/
येथेच तर्काला एक फसवे वळण मिळाले. गर्भ पडण्याच्या सुमारास स्त्रीच्या शरीरातील प्रोजेस्टेरॉन घटलेले दिसे. म्हणजे ते घटले म्हणून गर्भ पडला, असा अर्थ लावणे सोपे होते. पण उलटेही शक्य होते : गर्भ आधीच खुंटला होता, म्हणून संप्रेरक घटले. आज हे ठाऊक आहे की पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या सुमारे निम्म्या गर्भांत गुणसूत्रांचा दोष असतो. तेथे कोणतेही संप्रेरक काही करू शकत नाही. विहीर आटली म्हणून पोहरा रिकामा येतो. पोहऱ्यात पाणी ओतून विहीर भरत नाही.

१०/
याच काळात एक स्वस्त गोळी बाजारात आली. १९३८ मध्ये ब्रिटनमध्ये चार्ल्स डॉड्स आणि सहकाऱ्यांनी डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक तयार केले. त्याचे लघुनाव डीईएस. हे प्रोजेस्टेरॉन नव्हे. ते इस्ट्रोजेनसारखे काम करते. त्याचे पेटंट घेतले गेले नव्हते, त्यामुळे कोणतीही कंपनी ते बनवू शकत होती. बोस्टनमधील ऑलिव्ह स्मिथ आणि जॉर्ज स्मिथ या संशोधक दांपत्याचा सिद्धान्त होता की डीईएस दिल्यास वारेतून अधिक प्रोजेस्टेरॉन स्रवेल आणि गर्भ टिकेल.

११/
१९४८ मध्ये ऑलिव्ह स्मिथ यांनी ६३२ गर्भवतींचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते उत्साहवर्धक दिसत होते. उणीव एकच होती : गोळी न घेतलेल्या तशाच स्त्रियांचा गट शेजारी ठेवलेला नव्हता. एकदा गर्भपात झालेल्या बहुतेक स्त्रियांची पुढची खेप कोणत्याही औषधाविना पार पडते. म्हणून अशा स्त्रियांना काहीही दिले तरी ते ‘लागू पडले’ असे दिसणारच. दगडू जगला आणि श्रेय नावाला गेले; बोस्टनमध्ये बाळे जगली आणि श्रेय गोळीला गेले.

१२/
शिकागो विद्यापीठात विल्यम डिकमन यांनी तुलना करून पाहिली. ८४० गर्भवतींना डीईएस आणि ८०६ जणींना हुबेहूब तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. १९५३ मध्ये निष्कर्ष आला : गर्भपात टाळण्यात डीईएसचा काहीही उपयोग नाही. गोष्ट येथे संपायला हवी होती. ती संपली नाही. डॉक्टर गोळी लिहीत राहिले, कारण समोर बसलेल्या स्त्रीला ‘काहीच करू नका’ असे सांगणे कठीण असते. आणि ती स्त्रीही काहीतरी मिळावे म्हणूनच आलेली असते.

१३/
याच सुमारास मुंबईत एक निराळा विचार चालू होता. विठ्ठल नागेश शिरोडकर हे १८९९ मध्ये गोव्यातील शिरोडा येथे जन्मलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि तेथेच प्राध्यापक झालेले स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी पाहिले की काही स्त्रियांचा गर्भ दर खेपेस चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यानच पडतो. कितीही विश्रांती दिली, कितीही संप्रेरके दिली, तरी फरक पडत नाही. हाच तो जुना भेद : लवकरचा स्राव वेगळा, उशिराचा पात वेगळा.

१४/
शिरोडकरांचे निदान असे की या स्त्रियांत दोष संप्रेरकांचा नाही, गर्भपिशवीच्या तोंडाचा आहे. ते सैल असते आणि वाढत्या भाराने वेळेआधी उघडते. त्यांनी स्त्रीच्याच मांडीतील चिवट पटलाची पट्टी काढून ती पिशवीच्या तोंडाभोवती आवळली. हे तंत्र त्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. ‘शिरोडकर टाका’ म्हणून ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. आजही आपल्याकडे घराघरांत ‘पिशवीला टाका घातला’ असे म्हणतात, त्यामागे हे नाव आहे.

१५/
मात्र या टाक्यालाही तुलनेची चाचणी चुकली नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,२९२ स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले की सरसकट टाका घालून लाभ थोडाच होतो. उशिराचे गर्भपात किंवा फार लवकरच्या प्रसूती तीन वा अधिक वेळा सोसलेल्या स्त्रियांत तो ठळक असतो. शिरोडकरांचे निरीक्षण खरे होते, पण ते सर्वांसाठी नव्हते. उपाय कोणासाठी आहे हे ओळखणे, हा उपायाचाच अर्धा भाग असतो.

१६/
शिरोडकर १९७१ च्या मार्चमध्ये निवर्तले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोस्टनहून एक अहवाल आला. १५ ते २२ वर्षांच्या आठ तरुणींना योनिमार्गाचा कर्करोग झाला होता. इतक्या कोवळ्या वयात तो जवळजवळ अज्ञात होता. दुवा सुचवला तो एका मुलीच्या आईनेच : गरोदरपणी डीईएस घेतले होते, त्याचा तर हा परिणाम नसेल? आर्थर हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी चौकशी केली. आठांपैकी सात जणींच्या आयांनी ते घेतले होते. तुलनेसाठी घेतलेल्या ३२ निरोगी मुलींच्या आयांपैकी एकीनेही घेतले नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भवतींना डीईएस देऊ नये असा इशारा दिला. शिकागोचा निष्कर्ष येऊन तोवर १८ वर्षे झाली होती.

१७/
भारताचाही यात एक अध्याय आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन यांचे मोठ्या मात्रेचे मिश्रण येथे ‘ईपी’ म्हणून विकले जाई. पाळी चुकलेली स्त्री गरोदर आहे का हे पाहण्यासाठी ते दिले जाई आणि गर्भ पाडण्याच्या आशेनेही घेतले जाई. गर्भाला अपाय होण्याची शंका परदेशांत आधीच व्यक्त झाली होती. १९८२ मध्ये सरकारने बंदीचे पाऊल उचलले. कंपन्यांनी न्यायालयांतून स्थगिती मिळवली. स्त्री संघटना, औषधांच्या प्रश्नावर काम करणारे कार्यकर्ते, मेडिको फ्रेंड सर्कलसारखे गट यांनी लढा लावून धरला. मुंबईसह मोठ्या शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या आणि १९८८ मध्ये मोठ्या मात्रेच्या या मिश्रणावर बंदी आली.

१८/
मग प्रोजेस्टेरॉनचे काय? निसर्गातील रेणूसारखेच असलेले हे औषध डीईएसहून भिन्न आहे, आणि साधारण सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत गर्भ पीतपिंडाच्या प्रोजेस्टेरॉनवर अवलंबून असतो हेही सिद्ध आहे. पुढे ते काम वार करू लागते. प्रश्न उरला तो वेगळा : वरून जादा दिल्याने गर्भ वाचतात का? २०१५ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधील ‘प्रॉमिस’ चाचणीचे उत्तर आले. कारण न सापडलेले तीन वा अधिक गर्भपात झालेल्या ८३६ स्त्रिया त्यात होत्या. औषध घेतलेल्यांपैकी ६५.८ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ६३.३ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. फरक नगण्य. पण दुसरा आकडा पुन्हा वाचावा : तीन-तीन गर्भपातांनंतर, औषधाविना, दर तिघींपैकी जवळजवळ दोघींच्या कुशीत मूल आले.

१९/
२०१९ मधील ‘प्रिझम’ चाचणी आणखी मोठी होती. त्यात सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तस्राव झालेल्या ४,१५३ स्त्रिया होत्या. एकूण फरक ७५ विरुद्ध ७२ टक्के, म्हणजे निश्चित म्हणावा असा नाही. मात्र रक्तस्रावासोबत पूर्वी तीन वा अधिक गर्भपात झालेल्या स्त्रियांत तो ७२ विरुद्ध ५७ टक्के होता. २०२१ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने मार्गदर्शक सूचना बदलली : सध्या रक्तस्राव, पूर्वी किमान एक गर्भपात आणि गर्भ गर्भाशयातच असल्याची सोनोग्राफीने खात्री, या तिन्ही गोष्टी असतील तर प्रोजेस्टेरॉन द्यावे. उत्तर ‘हो’ आले, पण अरुंद दारातून आले.

२०/
या इतिहासात खलनायक शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. स्मिथ दांपत्याला गर्भ वाचवायचे होते, गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांनाही, नवस बोलणाऱ्या सासूलाही. सद्हेतू सर्वांपाशी होता. ज्यांच्या मोजणीत औषध न घेतलेल्या स्त्रियांनाही जागा होती, त्यांच्याकडूनच खरे काय ते कळले.

२१/
देवपुरातील त्या चिठ्ठीकडे परत येऊ. तिच्यावरचा शब्द खोटा नाही. काही स्त्रियांसाठी तो मोलाचा आहे. ‘माझ्यासारख्या स्त्रीला याचा किती उपयोग होतो?’ हा तिने डॉक्टरांना विचारण्याचा प्रश्न आहे, आणि तो विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. तिला ऐकवले जाणारे आणखी एक वाक्य मात्र या शतकभराच्या अभ्यासाने खोडून काढले आहे : ‘तूच काहीतरी चुकीचे केले असशील.’ बहुतेक वेळा गर्भ पडतो तो तिने ओझे उचलल्याने नाही, प्रवास केल्याने नाही, नवस राहिल्यानेही नाही. पांझरेच्या दोन्ही काठांवर हे ऐकू जाणे अजून बाकी आहे.

(समाप्त)