मन रिकामे करण्याचा आग्रह कशासाठी?

ध्यान म्हणजे मन निर्विचार करणे, ही समजूत शिबिरांच्या फलकांवरून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून आता मुखेड, कंधार, अहमदपूरच्या खेड्यांपर्यंत पोचली आहे. नवखा माणूस डोळे मिटून बसतो. पाच मिनिटांत सोयाबीनचा भाव, मुलीची फी, सोसायटीचे कर्ज सगळे डोक्यात येते आणि ‘आपल्याला काही ध्यान लागत नाही’ म्हणून तो उठतो, तो पुन्हा बसतच नाही. यात दोष त्याचा नाही, त्याला सांगितलेल्या व्याख्येचा आहे.

पूर्वपक्ष हलका नाही. पतंजलींच्या योगसूत्रांतले दुसरेच सूत्र चित्तवृत्तींच्या निरोधाला योग म्हणते. पण ही व्याख्या मुक्कामाची आहे, वाटेची नव्हे. योगाच्या आठ अंगांत धारणा सहावी आणि ध्यान सातवे. धारणेत चित्त एका ठिकाणी बांधायचे, ध्यानात त्याच ठिकाणी जाणिवेचा प्रवाह अखंड ठेवायचा. म्हणजे ध्यानाच्या पायरीवरही मन रिकामे नसतेच, त्यात एक विषय असतो. तो कोणता, याबाबतही पतंजली हट्टी नाहीत. पहिल्याच पादात श्वासापासून सुरुवात करून शेवटी ते स्वतःला रुचेल तो विषय घेण्याची मोकळीक देतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखे आवरत नाही अशी तक्रार अर्जुन करतो, तेव्हा श्रीकृष्ण ती मान्यच करतात. मन जिथे जिथे भटकेल तिथून परत आणावे, हे तर त्यांनी आधीच सांगितलेले असते. परत आणायला सांगितले, याचाच अर्थ ते जाणार हे गृहीत आहे.

बौद्ध परंपरा नवख्याची याहून जास्त काळजी घेते. पाचव्या शतकातला बुद्धघोष ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात श्वास मोजायला सांगतो, आणि मोजणी पाचाच्या आत थांबवू नये, दहाच्या पुढे नेऊ नये असेही बजावतो. मातीचे वर्तुळ करून उघड्या डोळ्यांनी पाहत राहण्याची साधनाही तिथे आहे. धर्मानंद कोसंबींनी हा विषय ‘समाधिमार्ग’ लिहून मराठीत आणला.

आता मुखेडकडे वळू. इथल्या लिंगायत घरांत गळ्यातले इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन, त्यावर नजर स्थिर करून षडक्षरी मंत्र जपण्याची रीत आहे. लिंगायत संतकवी मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्या’चे पारायण आणि शिवनाम सप्ताह या भागाला नवे नाहीत. यावर आक्षेप येतो, ‘ही पूजा झाली, ध्यान कुठे?’ यांत्रिकपणे उरकली तर ती पूजाच, हे मला मान्य आहे. पण हातात आधार, डोळ्यांपुढे एकच बिंदू, ओठांवर एकच मंत्र, याला धारणेची तयारी म्हणायचे नाही तर काय? षट्स्थल म्हणजे लिंगायत साधनेच्या सहा पायऱ्या, त्यांतले चौथे स्थल प्राणलिंगी. तिथे बाहेरचे लिंग आत अनुभवायचे असते. म्हणजे ही वाट बाह्यपूजेपाशी थांबावी, असे परंपरेलाच अभिप्रेत नाही. बसवण्णांनी बाराव्या शतकात ही साधना कष्टकऱ्यांच्या हाती दिली, प्रपंच सोडायची अट न घालता.

तेव्हा सुरुवात करणाऱ्याने एवढेच करावे. पाठ ताठ, अंग सैल, दहा मिनिटे. श्वास, नाम, लिंग किंवा दिव्याची ज्योत यांतले एकच निवडावे आणि रोज बदलू नये. मन गेले हे लक्षात आले की न चिडता परत आणावे. दहा मिनिटांत पन्नास वेळा आणावे लागले, तर पन्नास वेळा अभ्यास झाला. मानसिक आजाराची औषधे चालू असतील तर ती परस्पर बंद करू नयेत, आणि दीर्घ मौन शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा अजून लिंगपूजेला बसतात, त्यांनी शिबिराची फी भरण्याआधी एकदा पहाटे त्यांच्याशेजारी बसावे, नजर कशी ठेवतात ते विचारून घ्यावे.