स्वायत्ततेचा वाद : मराठी समीक्षेतील एक प्रकरण

साहित्यकृतीचा अर्थ तिच्या बाहेरच्या जगावरून लावावा की तिच्या आतल्या रचनेवरून, हा प्रश्न मराठीत सिद्धांत म्हणून उशिरा मांडला गेला. त्याआधी तो भांडणांतून डोकावत होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या ‘निबंधमाले’त ग्रंथपरीक्षणाला धार आली खरी, पण भाषेच्या प्रौढीइतकेच ग्रंथकाराच्या मतांशी असलेले सख्य वा वैरही तेथे निकालाच्या पारड्यात पडत असे. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारताना, जे सर्व माणसांचे समान हक्क मान्य करीत नाहीत त्यांच्या ग्रंथांशी आपल्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, असे कळविले. ग्रंथ कोणाचा आणि कोणासाठी, हा त्यातील सवाल पुढे कितीतरी दशके समीक्षेच्या चर्चेबाहेरच राहिला.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांभोवती ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ असा जो वाद रंगला, त्यात आवेश पुष्कळ होता आणि विश्लेषण थोडे. त्यापेक्षा लालजी पेंडसे यांच्या ‘साहित्य आणि समाजजीवन’ (१९३५) या ग्रंथाचे महत्त्व अधिक आहे, कारण साहित्याची जडणघडण समाजातील आर्थिक संबंधांतून होते ही मार्क्सवादी भूमिका त्यात मराठी वाङ्मयाच्या संदर्भात पद्धतशीरपणे तपासली गेली.

या पार्श्वभूमीवर बा. सी. मर्ढेकरांनी वादाची जागाच बदलली. ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथांतील त्यांच्या विवेचनानुसार प्रत्येक कलेला स्वतःचे माध्यम असते. चित्राचे रंग, संगीताचे स्वर, तसा साहित्याचा भावनात्मक अर्थ. हे घटक संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी एकमेकांशी बांधले गेले की जी रचना सिद्ध होते तिलाच त्यांनी ‘लय’ म्हटले; म्हणजे हा शब्द येथे छंदाच्या ठेक्यापुरता नसून अर्थांच्या परस्परसंबंधांसाठी योजलेला आहे. कृतीचे सौंदर्य या संबंधांत असल्यामुळे तिने दिलेला उपदेश किंवा लेखकाचे चरित्र यांवरून ते ठरविणे गैरलागू होते. कृती स्वायत्त, म्हणजे स्वतःच्याच नियमांनी चालणारी, असे मानणाऱ्या या दृष्टीला पुढे रूपवादी म्हटले गेले.

गंमत अशी की मर्ढेकरांच्या स्वतःच्या कवितेच्या वाट्याला ही स्वायत्तता आलीच नाही. ‘काही कविता’ या त्यांच्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. ओल्या पिपात मेलेल्या उंदरांवरील त्यांची कविता तर दुर्बोधतेचे उदाहरण म्हणून गाजली. प्रेमगीतात शोभणारी ओठांच्या मीलनाची भाषा तेथे मेलेल्या जनावरांसाठी येते, हा विरोध लयसिद्धांताने नेमका दाखविता येतो; परंतु जगण्याची आणि मरण्याचीही सक्ती असलेले हे जीव कोण, असे विचारताच वाचक यंत्रयुगातील शहराकडे किंवा महायुद्धातील सामूहिक मृत्यूंकडे वळतो, आणि तेथे रूपवाद अपुरा पडतो.

ही अडचण शरच्चंद्र मुक्तिबोधांनी ओळखली. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथात साहित्याचे मूल्य ‘मानुषते’त शोधताना त्यांनी मार्क्सवादी निष्ठा सोडली नाही आणि कलेला प्रचाराच्या दावणीलाही बांधले नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कलेला जीवनव्यवहाराशी जोडणारी ती लौकिकतावादी आणि त्यापासून वेगळी काढणारी ती अलौकिकतावादी, अशा दोन भूमिका वेगळ्या केल्या आणि साहित्यविचार या दोन ध्रुवांमधील ताणातूनच घडतो, असे दाखविले. वाद मिटविण्याऐवजी त्याचे व्याकरण मांडणारे इतके शांत विवेचन मराठीत विरळाच.

दलित साहित्याच्या समीक्षेला मात्र हे दोन्ही ध्रुव एकाच अंगणातले वाटले. शरद पाटील यांनी ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या ग्रंथाच्या नावातच सौंदर्याच्या प्रचलित कल्पनेला जातीचा संदर्भ जोडला, तर शरणकुमार लिंबाळे यांनी आनंद हे साहित्याचे प्रयोजन मानण्यालाच हरकत घेऊन समता, स्वातंत्र्य आणि न्याय यांवर निकष उभारले. या समीक्षेने शब्दकळेच्या सूक्ष्म वाचनाकडे पुष्कळदा पाठ फिरविली, हा तिच्यावरील आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. पण तिने अर्थाच्या प्रश्नात वाचकाला खेचून आणले. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहाची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली, तेव्हा त्यांच्यासारख्या मुरलेल्या नाटककारालाही अनेक शब्दांचे अर्थ कवीला विचारून घ्यावे लागले. मर्ढेकरांना दुर्बोध म्हणताना वाचकांनी दोष कवीच्या पदरी घातला होता. येथे तोच दोष वाचकाच्या पदरी येत होता, कारण ज्या वस्तीची ती भाषा होती तेथे ती कोणालाच दुर्बोध नव्हती.